दुहेरी

आब्रिल शांत बसायला लागली, तेव्हापासून रोसानाचा जीव थाऱ्यावर नव्हता.

कुणाला सांगून हे पटलं नसतं. आठ वर्षांची पोर, जन्मापासून एका जागी बसली तर शपथ. ती आता बसतेय म्हटल्यावर आईने संतापुढे मेणबत्ती लावावी आणि मोकळं व्हावं. रोसानाने लावलीही होती. पण घरातली ती शांतता काही केल्या तिच्या अंगवळणी पडेना. पूर्वी स्वयंपाकघरात काही फुटलं नाही, कुणी टेबलावरून उडी मारली नाही, मांजर जीव खाऊन केकाटलं नाही, असा तास जात नसे. आता घड्याळ ऐकू यायचं. आपल्या घरातल्या घड्याळाला आवाज आहे हे रोसानाला पस्तिसाव्या वर्षी कळलं, आणि तो आवाज ऐकला की ती उठून पोर कुठे आहे ते बघून यायची.

सकाळी सातला रोजचा कार्यक्रम असे. आब्रिल पांढरा शाळेचा झगा घालून उभी राहायची. रोसाना तिच्या जिभेवर गोळी ठेवायची, दुधाचा पेला हातात द्यायची आणि इस्त्री बंद करायला वळायची.

"गिळलीस?"

"गिळली."

मग गळ्याशी निळा बो. साल्तो शहरातल्या सगळ्या पोरांच्या गळ्याशी असतो तोच, खळ घालून कडक केलेला, पंखांएवढा मोठा. हल्ली तो आब्रिल स्वतःच बांधायची. "मी बांधते, आई, तू राहू दे," म्हणायची. वर्षभरापूर्वी हिच्या बोचं एक टोक कानामागे आणि दुसरं तोंडात असायचं. रोसानाला कौतुक वाटलं होतं, आणि त्या कौतुकातही कुठेतरी टोचलं होतं.

हे सगळं सुरू झालं मार्च महिन्यात, शाळा उघडल्याच्या दुसऱ्या आठवड्यात. दुपारी दोघी घरी येत होत्या. कोपऱ्यावर, रस्त्यापलीकडच्या तारेवर हिरव्या पोपटांचा थवा येऊन बसला. साल्तोत पोपटांना कमी नाही, पण आब्रिलला प्रत्येक वेळी ते आयुष्यात पहिल्यांदाच दिसत. तिने आईचा हात झटकला आणि वर बघत रस्त्यात धाव घेतली. समोरून संत्र्यांचा ट्रक येत होता. ब्रेकचा तो आवाज रोसाना मरेपर्यंत विसरणार नाही. ट्रक आडवा झाला, खोकी कोसळली, रस्ताभर संत्री. ड्रायव्हर खाली उतरून फुटपाथवरच बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. आणि आमची ही बया झग्याच्या ओटीत संत्री गोळा करत म्हणते, "आई, बघ ना, किती!"

त्या दिवशी रोसानाच्या काळजात जी भीती शिरली, ती पुन्हा बाहेर गेलीच नाही. पोरीचा बाप वरती आर्तिगासच्या भातशेतीवर कामाला, महिन्यातून दोनदा घरी येणारा. भ्यायचं काम सगळं तिच्या एकटीच्या वाट्याला आलं होतं.

शाळेच्या वहीत माबेलबाईंचे निरोप येतच होते. "आज आब्रिल खिडकीवर चढली." "आज आब्रिलने चार वेळा वर्ग सोडला." "आब्रिल हुशार आहे, पण." त्या 'पण'नंतर बाईंनी पूर्णविराम दिला होता. एकतीस पोरांचा वर्ग, बाईंचं तरी काय चुकलं. शेवटी राजधानी मोंतेविदेओहून महिन्यातून एकदा येणाऱ्या मुलांच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवलं. डॉक्टर भला माणूस होता. बोलला कमी, ऐकलं जास्त. एक छापील कागद आईला दिला, एक बाईंसाठी. 'जागेवर बसते: कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, नेहमी.' अशा अठरा ओळी. कागद वाचून त्याने गोळी लिहून दिली.

"लहान मात्रेने सुरू करू. काही मुलांना चांगला गुण येतो, काहींना नाही मानवत. भूक कमी होईल कदाचित. महिन्याने या. फरक नसेल तर वाढवून बघू."

रोसानाने ती चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि पर्स छातीशी धरूनच घरी आली.

त्याच संध्याकाळी धाकट्या बहिणीचा, सोनियाचा फोन आला. सोनिया राजधानीत मानसशास्त्र शिकलेली, मुलांच्या केंद्रात काम करणारी, आणि मतं म्हणाल तर किलोने. रोसानाचे हात पिठात होते, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला. टेबलाखाली आब्रिल मांजराला टोपी घालत होती.

"ताई, ती पोर आहे गं, रेडिओ नाहीये आवाज कमी करायला!"

"मग तू ये आणि सांभाळ. एक दिवस. ट्रकखालून ओढून काढ तिला, मग शिकव मला."

"त्याला गोळीच लागते का? वर्गात एकतीस पोरं कोंबायची, चार तास हलू नका म्हणायचं, आणि जी हलते तिला आजारी म्हणायचं. मी बघते ना इथे. ही गोळी पोरांना आतून रिकामं करते. बघायला पोर समोर असते, ताई, पण आत कुणी नसतं."

"गप गं! काहीतरी अभद्र बोलू नकोस."

"बरं, आणि एवढ्याने नाही भागलं तर?"

रोसाना वैतागली होती. तिने पिठाचा गोळा ओट्यावर आपटला. "नाही भागलं तर तिला दुहेरी करायचं! झालं समाधान? एक महिना बघायचं. वर्गात नीट सरळ बसली तर ठीक, नाहीतर डॉक्टर तिला दुहेरी करणार."

फोन संपला तेव्हा मांजर टेबलाखालून टोपीसकट पळालं. आब्रिल मात्र बराच वेळ बाहेर आली नाही. रोसानाचं तिकडे लक्ष नव्हतं.

तीन-चार दिवसांत चमत्कार झाला. पोर वर्गात बसायला लागली. नुसती बसायला नाही, ताठ बसायला. माबेलबाईंनी वहीत लिहिलं, "आब्रिलने आज सगळी बेरजांची पानं पूर्ण केली. पाठ अगदी सरळ ठेवून बसते. इतरांना मी तिचं उदाहरण देते." शेजारच्या बायका म्हणाल्या, काय गुणाची गोळी आहे. आब्रिलने बक्षीस म्हणून मागितल्या काय, तर बुटांच्या लांब नाड्या. बाबांच्या बुटांना असतात तेवढ्या लांब. रोसाना हसली आणि दिल्या घेऊन.

पण पोर जेवेना. मांसाचा तुकडा ताटात इकडून तिकडे फिरवायची. डॉक्टरांनी सांगितलंच होतं म्हणून रोसाना गप्प राहिली. घोट्यांवर लाल वळ दिसले, ते मोज्यांच्या रबराचे असतील म्हणून तिने सैल मोजे आणले. आब्रिल घरातही ताठ बसायची, ताठ चालायची, जमिनीवर पडलेली पेन्सिलसुद्धा गुडघ्यांत बसून, पाठ न वाकवता उचलायची. शेजारच्या एलिदाआजीकडे तर ती फिरकेनाशी झाली. एलिदाआजीने जन्मभर द्राक्षमळ्यात खाली बघून काम केलं होतं, आणि आता तिचं डोकं गुडघ्यांशी आलं होतं. पूर्वी आब्रिल तिच्या अंगणात पडीक असायची. एकदा तिने विचारलंही होतं, आजीला काय झालंय म्हणून. "पाठ दुहेरी झाली गं तिची," रोसानाने सांगितलं होतं, आणि विसरून गेली होती.

मग तो पोपटांचा दिवस आला. त्याच कोपऱ्यावर, त्याच तारेवर थवा येऊन बसला, कलकलाट केला. रोसानाने घाबरून पोरीचं मनगट पकडलं. पण आब्रिलने वर बघितलं नाही. नजर समोर रोखून ती ताठ उभी राहिली, आणि थवा उडून गेला तरी तशीच.

बघायला पोर समोर असते, पण आत कुणी नसतं.

रोसानाला सोनियाचे शब्द आठवले. ट्रकची भीती ओळखीची तरी होती. ही नवीन होती, आणि हिला ब्रेक मारायला कुणी ड्रायव्हर नव्हता. मी माझ्या हाताने रोज सकाळी माझ्या पोरीला पुसून टाकतेय, असं तिला वाटायला लागलं. आणि गोळी बंद करावी म्हटलं, तर डोळ्यांसमोर रस्ताभर संत्री दिसायची. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये ही चिमुरडी. असा महिना काढला तिने.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, आब्रिल शाळेत गेल्यावर रोसाना कपडे धुवायला बसली. सोमवारपासून थंड पाऊस लागून राहिला होता, तो त्या सकाळी कुठे थांबला होता. बो दोन होते, एक गळ्यात, एक धुण्यात. धुण्यातल्या बोवर रंगाचा डाग पडला होता. तिने तो पाण्यात बुडवायला घेतला आणि तिची बोटं थांबली.

रोसाना दुपारी संत्र्यांच्या कारखान्यात पट्ट्यावर काम करायची. पुढून संत्री सरकत जातात, डागाळलेलं, वाकडं, आतून कडक झालेलं फळ नजरेला दिसायच्या आधी बोटांना कळावं लागतं. चौदा वर्षं तेच केलं होतं तिने. बोच्या गाठीत, घडीच्या आत, काहीतरी कडक होतं. एक नाही, तीन.

तिने घडी उलगडली. तीन गोळ्या. कडा विरघळलेल्या, कापडाला चिकटलेल्या, पण गोळ्याच. सोमवार, मंगळवार, बुधवार.

मग एकदम हसूच फुटलं. पोरीने गोळी गिळलीच नव्हती! गालात धरायची आणि आई इस्त्रीकडे वळली की बोमध्ये. म्हणजे पोर रिकामी झालेली नाही. म्हणजे आत ती आहे, जशीच्या तशी, बिलंदर! तिने ओल्या हातांनीच सोनियाला फोन लावला.

"काय सांगतेस!" सोनिया तिकडून ओरडलीच. "बघ! मी म्हणत होते की नाही? काही आजारबिजार नव्हता तिला. गोळीशिवाय शांत झाली पोर. जरा वेळ द्यायचा असतो गं, पोरं आपोआप बसतात."

"आपोआप," रोसाना म्हणाली.

"मग काय!"

रोसानाने फोन ठेवला. आपोआप. तो शब्द तिला पचेना. तीन-चार दिवसांत? जी पोर जेवताना खुर्चीभोवती तीन फेऱ्या मारायची, ती आपोआप चार तास? हात पाण्यात तसेच राहिले. न जेवलेलं ताट तिला आठवलं. ते गोळीमुळे नव्हतं तर कशामुळे? सैल मोजे आणूनही घोट्यांवरचे वळ गेले नव्हते. आणि त्या लांब नाड्या.

गोळीने बसवलं नाही, तर माझ्या पोरीला बसवलंय कुणी?

तिने अंगावरचा ओला एप्रनही सोडला नाही. सहा गल्ल्या ती जवळजवळ धावत गेली. मधल्या सुट्टीची घंटा होत होती. वर्गाचं दार उघडलं आणि पांढऱ्या झग्यांचा लोंढा आरडाओरडा करत ओल्या मैदानात सांडला. तीस पोरं. रोसानाला मोजायची गरज पडली नाही. तिला माहीत होतं, एक आत आहे.

तिने खिडकीतून बघितलं. तिसऱ्या रांगेत आब्रिल एकटी बसली होती. पाठ काठीसारखी सरळ. हात बाकाखाली, आणि ओठ दाताखाली दाबलेला. डोळे समोरच्या फळ्यावर, आणि खाली हात घाईघाईने काहीतरी सोडवतायत.

"अहो, आब्रिलच्या आई! तुम्ही इथे?" बगलेत थर्मास घेऊन माबेलबाई दारात आल्या. चेहऱ्यावर हसू होतं. "उद्याचा कागद भरून ठेवलाय मी. बघा, 'जागेवर बसते: नेहमी.' पूर्ण वर्षात मला एवढा आनंद..."

"ती सुट्टीत बाहेर का नाही आली, बाई?"

"ती जरा मागून जाते. बूट नीट करते. फार व्यवस्थित झालीये हो हल्ली."

रोसाना आत शिरली आणि बाकाजवळ गुडघ्यांवर बसली. लांब नाड्या दोन्ही घोट्यांना दोनदोन वेढे देऊन बाकाच्या लोखंडी पायाला, हात पोचेल अशी वर गाठ मारून बांधल्या होत्या. आज गाठ अडकली होती. कातडीवर जुन्या वळांवर नवे वळ आले होते, एका ठिकाणी कातडी फुटून सुकली होती. जन्मभर न बसलेल्या पोरीने स्वतःला बांधून घातलं होतं. रोज चार तास. एक महिना.

"ओरडू नको, आई," आब्रिल पुटपुटली. "सुटते ती. रोज सुटते."

रोसानाने गाठीत नखं घातली. ज्या बोटांना शंभरातलं एक खराब संत्रं कळतं, त्या बोटांना एक गाठ सुटत नव्हती.

"का गं, बाळा? का केलंस हे?"

"मावशी म्हणाली ना, गोळी खाल्ली की आतून रिकामं होतं. म्हणून नाही खाल्ली. झाडाखाली पुरायचे त्या. पण या आठवड्यात पावसाचं तू बाहेर सोडलं नाहीस." तिने एक दम घेतला. "आणि तू म्हणालीस, सरळ नाही बसले तर डॉक्टर मला दुहेरी करणार."

"काय?"

"एलिदाआजीसारखं." आब्रिलचा आवाज फाटला. "मी सरळच बसले, आई. एकदाही वाकले नाही. बाईंना विचार. उद्या त्यांना सांग ना, मला दुहेरी नका करू. मी अजून सरळ बसेन. मी कायमची बसेन."

रोसानाने पोरीला छातीशी धरलं. तिला स्वतःची चीड आली, आणि सोनियाची, आणि त्या स्पीकरवरच्या फोनची. आपण दोघी मोठ्या बायका पोरीच्या डोक्यावर बसून भांडलो, आणि आपलं एकेक वाक्य तिने खाली टेबलाखाली उचलून घेतलं, आणि दोन्ही पाळली. "गोळीला गं," ती कसंबसं म्हणाली. "गोळीला दुहेरी करायचं होतं. एकाच्या जागी दोन. तुला नाही. तुला कुणी हात लावणार नाही."

आब्रिलने आईच्या तोंडाकडे निरखून बघितलं. खरं बोलतेय का हे बघत होती.

माबेलबाई दारातच खिळल्या होत्या. थर्मास त्यांनी कधी खाली ठेवला त्यांचं त्यांनाच कळलं नसेल. "मी उदाहरण देत होते हिचं," त्या हळूच म्हणाल्या. "रोज. सगळ्यांना." मग त्या पुढे आल्या, टेबलावरची कात्री आणली आणि आपल्या हाताने नाड्या कापल्या. रोसाना उठली तेव्हा त्यांनी विचारलं, आणि त्या विचारण्यात टोमणा नव्हता, "मग आता काय करायचं, आब्रिलच्या आई? गोळी द्यायची की नाही द्यायची?"

"मला नाही माहीत, बाई."

"कदाचित गोळी घेतली असती तर तिला हे करावं लागलं नसतं."

"कदाचित. आणि कदाचित मावशी म्हणते तसंही झालं असतं. मला खरंच माहीत नाही. उद्या डॉक्टरांना सगळं सांगेन. हिच्यासमोर सांगेन, आणि प्रत्येक शब्द हिला समजावून मग पुढचा बोलू देईन त्यांना."

बाईंनी टेबलावरचा भरलेला कागद उचलला, घडी घालायला गेल्या, आब्रिलकडे बघून थांबल्या आणि फाडून टाकला. "नवा भरते," म्हणाल्या.

सुट्टी संपायच्या आत रोसाना पोरीला घेऊन निघाली. नाड्या नसल्यामुळे बूट फटफट वाजत होते. पहिली गल्ली आब्रिल ताठ चालली. दुसऱ्या गल्लीत तिने एका डबक्यात पाय घातला आणि आईकडे बघितलं. आई चालत राहिली. तिसऱ्यात तिने दोन्ही पायांनी उडी मारली. चौथ्यात ती बडबडायला लागली, पुरलेल्या गोळ्यांना झाड येईल का, आणि आलं तर त्याखाली बसणारी मांजरं झोपतील का, आणि मग हात हलवत ती उलटी चालायला लागली, आणि रोसानाला वाटलं, आली. माझी पोर परत आली. इतका आनंद झाला तिला, की डोळे भरून आले आणि समोरचं धूसर दिसायला लागलं.

धूसर दिसत होतं म्हणून तिला कोपरा आलेला कळलाच नाही. कळलं ते कलकलाटाने. पलीकडच्या तारेवर हिरवा थवा बसला होता. आब्रिलची मान वर गेली, पाय रस्त्याकडे वळले, आणि वळणावरून संत्र्यांनी भरलेला ट्रक येत होता.

रोसानाने तिचं मनगट पकडलं. दोन्ही हातांनी, सगळा जीव एकवटून. ट्रक घरघरत समोरून जायला लागला, लांबलचक, दोन ट्रेलरवाला. पोरीची नजर वरच होती. तोंड उघडं, डोळ्यांत ते जुनं हसू, आणि सगळं अंग पुढे ओढ घेत होतं. रोसाना धरून राहिली. पहिला ट्रेलर गेला. दुसरा गेला. धूर विरला, रस्ता रिकामा झाला, तरी ती धरूनच होती.

पोपट उडाले तशी आब्रिलने मान खाली केली आणि आपल्या मनगटाकडे बघितलं. बोटांच्या कडेने कातडी पांढरी पडली होती.

"आई," ती म्हणाली, "इथेपण वळ उठेल."

रोसानाने बोटं सैल केली. पण सोडली नाहीत.